होई आन: दोन रात्री ठरवल्या होत्या, सहा राहिलो

वाशिष्ठीकाठी

मार्च २०२५ मध्ये आम्ही दोघं बावीस दिवस व्हिएतनाम फिरून आलो. पाठीवर एकेक सॅक, हनोईपासून सायगावपर्यंत आगगाडी आणि बसने खाली उतरत गेलो. निघायच्या आधी इथले जुने धागे वाचूनच सगळी आखणी केली होती, तेव्हा आपणही लिहायचं हे नक्की होतं. सगळा प्रवास लिहायला बसले तर वर्ष जाईल, म्हणून एकाच गावाबद्दल लिहिते.

हुएहून दानांगला आगगाडीने आलो. अडीच-तीन तास लागतात. हाय व्हानच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. दक्षिणेकडे येत असाल तर डावीकडची खिडकी मागून घ्या. दानांगच्या पुढे होई आनला रेल्वे नाही. तीसेक किलोमीटर बसने किंवा टॅक्सीने जायचं.

राहायला जुन्या गावापासून सायकलने दहा मिनिटांवर, भाताच्या शेताला लागून एका कुटुंबाकडे खोली घेतली होती. रात्रीचे साडेचार लाख डोंग. तीनशे डोंगला एक रुपया धरला तर दीड हजार झाले. सायकली त्यातच. घरमालकीणबाई साठीच्या असतील. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहा पुढे ठेवला आणि आमची वयं विचारली. मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग त्यांच्या मुलीने सांगितलं की वय कळल्याशिवाय त्यांच्या भाषेत समोरच्याशी बोलताच येत नाही. दादा, ताई, धाकटं, मावशी, काका, काहीतरी नातं लावूनच बोलायचं. त्या आम्हाला 'कॉन' म्हणायला लागल्या, म्हणजे लेकरं, आणि त्या आमच्या 'को', म्हणजे आत्या, झाल्या. लांबून हाक मारताना 'को ओय' असा हेल काढायचा. आमच्या आजीच्या 'अगो'त आणि त्या 'ओय'मध्ये मला काही फरक वाटला नाही.

आता गावाबद्दल. थू बोन नदी समुद्राला मिळते तिथे हे बंदर. आधी चंपा राज्याचं, मग १५ व्या शतकापासून १९ व्या शतकापर्यंत चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच, सगळ्यांचं ये-जा करण्याचं ठिकाण. युरोपातले लोक याला फाईफो म्हणत. रेशीम, मिरी, दालचिनी, चिनी मातीची भांडी इथून जायची. पुढे नदीचं तोंड गाळाने भरत गेलं, मोठी जहाजं दानांगला लागायला लागली आणि होई आन मागे पडलं. पाडून नवं बांधायला गावात पैसाच आला नाही, म्हणून जुनी घरं राहिली. अमेरिकेबरोबरच्या युद्धात शेजारच्या दानांगला एवढा मोठा लष्करी तळ होता, तरी हे गाव बरचसं वाचलं. १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. गाळाने बंदर बुजण्याची गोष्ट आम्हा कोकणातल्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. दाभोळला आणि राजापूरला कोण कोण येत होतं हे आपण शाळेत वाचलं, आणि आज तिथे काय आहे ते डोळ्यांनी बघतो.

जुन्या गावात परदेशी माणसाला १,२०,००० डोंगचं तिकीट आहे. त्यावर ठरावीक संख्येने जुनी घरं, चिनी मंडळींची सभागृहं वगैरे बघता येतात. आम्ही पहिल्यांदा तान की नावाच्या घरात शिरलो आणि आमच्या प्रवासाचा पुढचा बेत तिथेच बदलला.

व्यापाऱ्याचं घर आहे, सुमारे दोनशे वर्षांचं, अजून त्याच कुटुंबाकडे. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागचं दार नदीकडे, म्हणजे माल होडीतून थेट घरात. मध्ये उघडा चौक. खांब लाकडी, खाली दगडी तळखडे. फणसाचं लाकूड बघून नवऱ्याने आपोआप हात फिरवला. वर कौलं, एक उताणं एक पालथं, आपल्याकडची जुनी नळीची कौलं असायची अगदी तशी. मागच्या बाजूला गेलो तर भिंतीवर पुराच्या खुणा. वर्ष आणि रेघ, वर्ष आणि रेघ. काही गुडघ्याशी, काही छातीशी. सगळ्यांत वर, माझ्या डोक्याच्याही वर, १९६४.

नवरा त्या भिंतीपाशी उभा राहिला तो हलेचना. मागून लोक येत होते, फोटो काढून जात होते.

आमचं घर चिपळूणला बाजारपेठेत आहे. खाली दुकान, वर राहणं. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा सासू-सासरे वरच्या मजल्यावर होते आणि आम्ही पुण्यात, फोन लागत नव्हता. पाणी ओसरल्यावर आठ दिवस चिखल काढला. पुढे भिंतींना गिलावा झाला, रंग झाला. आज त्या दुकानात पाणी कुठपर्यंत होतं असं विचारलं तर सासरे एक उंची दाखवतात, सासूबाई दुसरी, शेजारचे तिसरी. चारच वर्षं झाली आहेत. आणि इथे १९६४ चं पाणी बोटभर जाडीच्या रेघेत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी फुंग हुंग नावाचं घर बघितलं, १७८० चं. त्याच्या माळ्याच्या जमिनीत चौकोनी झडप आहे, लाकडी जाळीची. पाणी चढायला लागलं की झडप उघडायची आणि खालचा माल दोरांनी वर ओढून घ्यायचा. घर बांधणाऱ्याने पाणी येणार हे धरूनच घर बांधलं. आमच्या को म्हणाल्या, पूर दर वर्षीचा आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यांच्या घरीही फ्रीज ठेवायचा उंच चौथरा आहे आणि छताला दोन कड्या आहेत. नवऱ्याने त्या कड्यांचे फोटो काढले, त्यांच्या मधलं अंतर मोजलं, दोर कुठला वापरता ते विचारलं. त्या सायंकाळी तो म्हणाला, इथून एवढ्यात नको जाऊया.

बाकीचं भराभर सांगते. १३ मार्चला त्यांच्या चांद्रमासाची चौदावी रात्र होती. इकडे चिपळुणात होळी पेटत होती. शिमगा चुकवल्याबद्दल सासूबाईंचा थोडा राग होता. दर महिन्याच्या या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात आणि कंदील लावतात. नदीकाठी माणूस माणसाला लागून उभा होता, होड्याही खच्चून भरलेल्या. पण मागच्या गल्लीत शिरलो तर उंबऱ्यावर केळी, फुलं, उदबत्त्या मांडून लोक हात जोडून उभे होते. तिथे कुणी पर्यटक नव्हता. मला ते जास्त आवडलं.

नदीकाठी संध्याकाळी 'बाय चॉय' चालतं, तेही चुकवू नका. हाऊजीसारखा खेळ आहे, पण आकडा पुकारत नाहीत, गातात. गाणारा पत्ता काढतो आणि चार ओळींत त्याचं नाव गुंफत जातो. लोक कान देऊन ऐकतात आणि नाव आलं की ओरडतात. तीन पत्ते जुळले की जिंकलात. माझ्या शेजारच्या आजींनी माझा पत्ता माझ्याआधी ओळखला आणि माझा हात धरून वर केला. बक्षीस कंदील होता. तो सायगावपर्यंत सांभाळत नेला.

त्रा क्वे नावाचं भाजीचं गाव सायकलने पंधरा मिनिटांवर. सकाळी सहाला जा. वाफ्यांत तुळशीच्या, पुदिन्याच्या कितीतरी जाती, नदीतलं शेवाळ काढून खत म्हणून घालतात. एक बाई खांद्यावर कावड घेऊन चालत होत्या, दोन टोकांना दोन झाऱ्या. दोन्ही हातांनी दोन्ही झाऱ्या एकदम कलत्या करायच्या आणि दोन वाफ्यांना पाणी घालत पुढे जायचं. चाल एका लयीत, पाणी एका जाडीचं.

'मी सन' या चंपाच्या जुन्या देवळांच्या ठिकाणीही गेलो, पण त्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. कुणी अभ्यासू माणसाने लिहावं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोकणात किंवा सांगली-कोल्हापूरकडे जुन्या घरांत पुरासाठी अशी झडप, कड्या, काही सोय कुणी पाहिली आहे का? आणि घरात पुराची खूण कुणी जपली आहे का?

कडबोळी

सुरेख लिहिलं आहेस. झाऱ्यांचं वाचून डोळ्यांसमोर उभं राहिलं. आम्ही डिसेंबरात जायचं म्हणतोय, सोबत सासूबाई आहेत आणि त्या शुद्ध शाकाहारी. लसूण-कांदा चालतो, अंडं नाही. तिथे निभावेल का? आणि त्या प्रसिद्ध शेवया कुठल्या?

पाठीवरचं_बिऱ्हाड

@कडबोळी, उत्तम निभावतं, फक्त एक शब्द पाठ करा. 'चाय'. त्यांच्याकडे चाय म्हणजे शाकाहारी. पाटीवर सी-एच-ए-वाय दिसलं की आत शिरायचं. बौद्ध पद्धतीचं जेवण असतं, म्हणून मासळीचं पाणीही नसतं. आपण 'चाय' मागतोय चहा म्हणून आणि समोर टोफूची थाळी आली असं माझ्याबरोबरच्या काकांचं झालं होतं. ते खूश झाले, कारण भूक लागलीच होती. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली पुष्कळ माणसं स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी एरवी न मिळणाऱ्या ठिकाणीही चाय मिळतं.

साध्या हॉटेलात मात्र नुसती भाजी मागवली तरी 'नुओक माम' असतं, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं पाणी. 'खोंग नुओक माम' म्हणा, खोंग म्हणजे नको.

शेवयांचं नाव काव लाव. जाड, पिवळसर, चावायला घट्ट. त्यांचं पीठ मळायला राखेचं पाणी लागतं आणि ते लाकूड समोरच्या चाम बेटावरचं, पाणी बा ले नावाच्या जुन्या विहिरीचं, असं गावात सांगतात. वरून डुकराचं मांस असतं, पण चाय दुकानात टोफू आणि मशरूम घालून करतात. सासूबाईंना बान्ह सेओ नक्की द्या, बिनमांसाचा सांगून. तांदळाच्या पिठात हळद घालून केलेलं कुरकुरीत घावन, आत मोड आलेले मूग. ते पाल्यात गुंडाळून खायचं.

कौलारू

घरदुरुस्तीचं काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाला थोडं उत्तर. माझ्या पाहण्यात कृष्णाकाठच्या दोन जुन्या वाड्यांत माळ्याच्या तक्तपोशीत अशी चौकट आहे. घरची माणसं ती धान्य वर चढवायची म्हणून सांगतात, पण पुराच्या वेळी तीच उपयोगाला येत असणार. एका घरी तर २०१९ च्या पुरात त्या चौकटीतून आजींना वर घेतलं होतं. आता स्लॅबची घरं झाली, चौकट गेली आणि जिन्याची वळणं एवढी अरुंद झाली की कपाट वर जात नाही. नवीन घर बांधताना स्लॅबला दोन मजबूत कड्या सोडायला खर्च असा काही नाही. कास्टिंगच्या आधी सांगायचं, आणि गजाला नीट बांधून घ्यायचं, नंतर भोक पाडून बसवलेली कडी वजन धरत नाही.

तळखड्यांचं निरीक्षण छान. पाणी आलं तरी लाकूड त्यावर थोडं उचललेलं राहतं आणि ओसरल्यावर वारा लागून वाळतं. सिमेंटचा गिलावा जुन्या भिंतीला केला की ओल आत अडकते. चिपळूणच्या घराला कसला गिलावा केला आहे?

दुपारचा_चहा

मला हे गाव आवडलं नाही, आणि इथे सगळे कौतुक करताहेत म्हणून लिहावंसं वाटलं. २०२३ मध्ये गेलो होतो. जुन्या गावात घर कमी आणि दुकान जास्त. मूळची माणसं घर बाहेरच्या व्यापाऱ्यांना भाड्याने देऊन दुसरीकडे राहतात. प्रत्येक दुसरं दार शिंप्याचं, तिसरं चामड्याचं, चौथं कंदिलांचं. कॅम थान्हच्या पाणनारळीच्या बनात टोपलीच्या होड्यांतून नेतात, तिथे कर्ण्यावर एवढी मोठी गाणी लावतात की पाखरू उरलं नसेल. कागदी दिवे नदीत सोडतात, ते सकाळी कुणी काढायचे? गाव वाचवलं म्हणायचं आणि आतली माणसं बाहेर गेली, हे मला पटत नाही.

बायकोने तिथे एक अंगरखा शिवून घेतला, दुकानाचं नाव लिहीत नाही. चोवीस तासांत देतो म्हणाले. दिला, पण बाही एक बोट आखूड आणि आम्ही त्याच रात्री निघणार होतो.

वाशिष्ठीकाठी

@दुपारचा_चहा, तुम्ही लिहिलेलं सगळं आम्हीही पाहिलं. टोपलीच्या होडीत आम्ही बसलो नाही, त्या गाण्यांमुळेच. भाड्याने दिलेल्या घरांचं को पण म्हणाल्या. त्यांच्या दिरांचं घर जुन्या गावात आहे. यादीतलं घर असल्यामुळे एक कौल बदलायचं तरी परवानगी लागते, तसंच लाकूड, तसंच कौल आणावं लागतं आणि ते महाग पडतं. भाडं आलं म्हणून छप्पर राहिलं, असं त्यांचं म्हणणं. मला अजून यावर ठाम मत बनवता आलेलं नाही. चिपळूणच्या बाजारपेठेतली किती जुनी घरं माझ्या लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पडली ते मोजलं, तर दिरांचं बरोबर वाटतं.

शिंप्यांबद्दल: निदान तीन दिवस हातात असतील तरच शिवायला टाका. दोनदा घालून बघायला वेळ हवा. मी एक साधा कुडता शिवला, आपला जुना कुडता मापाला दिला, छान आला.

@कौलारू, गिलावा सिमेंटचाच आहे, आणि त्याला पापुद्रे सुटायला लागलेत. आता कळलं का ते. तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते.

शिळाप्रेमी

'मी सन'वर लिहायला सांगितलं आहेस, लिहितो, थोडं लांबेल.

होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर, डोंगरांच्या कढईत ही देवळं आहेत. चंपाच्या राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकाम केलं. पहिलं देऊळ भद्रवर्मन राजाचं, त्यातल्या शिवाचं नाव भद्रेश्वर. राजाचं नाव देवाला जोडायची ही पद्धत पुढेही चालू राहिली. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत आहेत. तिथल्या एका स्तंभापाशी उभं राहिल्यावर अक्षरांचं वळण ओळखीचं वाटतं, वाचता येत नाही, पण आपल्या पल्लव-चालुक्यांच्या लेखांची ती भावंडं आहेत हे दिसतं.

देवळं विटांची. दोन विटांमध्ये चुना दिसत नाही, सांधा इतका घट्ट की सुरीचं पातं जाणार नाही, आणि कोरीवकाम रचलेल्या विटांवर केलेलं आहे. देवळांच्या गटांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत. सगळ्यांत मोठं देऊळ ए-१ होतं. ते १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत पडलं. आज तिथे ढीग आणि चौथरा आहे. शेजारच्या खड्ड्यांत पाणी साचतं, गवत वाढलंय, ते बॉम्बचे खड्डे आहेत.

२०१७ ते २०२२ या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ए, एच आणि के या गटांचं काम केलं. त्यात २०२० मध्ये ए-१० देवळात नवव्या शतकातलं, एका वालुकाश्मातून घडवलेलं शिवलिंग मोकळं झालं. मी ते २०२३ मध्ये पाहिलं. पीठ आणि लिंग एकच दगड, वर छप्पर नाही, सकाळचं ऊन थेट पडत होतं. पहाटेची बस घ्या, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही.

होई आन आणि मी सन या दोन्हींशी एक नाव जोडलेलं आहे, ते इथे यायलाच हवं. काझिमिएर्झ क्वियातकोव्स्की, पोलंडचे वास्तुरक्षक. लोक त्यांना काझिक म्हणत. १९८० च्या दशकात ते मी सनच्या पडझडीत कामाला आले. होई आनची जुनी घरं तशीच ठेवा, पाडू नका, हे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांच्या गळी उतरवलं. १९९७ मध्ये हुए इथे काम करतानाच गेले. युनेस्कोची यादी त्यांनी पाहिली नाही. जुन्या गावात त्यांचं छोटं स्मारक आहे. मी फूल ठेवून आलो.

सासष्टीकर

गोव्याचा आहे म्हणून एक जोड. व्हिएतनामी भाषा आज रोमन लिपीत लिहितात, तिची सुरुवात याच होई आनच्या परिसरात झाली. १७ व्या शतकात फ्रान्सिस्को दि पिना या पोर्तुगीज जेझुइटाने इथली भाषा शिकून ती रोमन अक्षरांत बसवायला घेतली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या अलेक्झांडर दि ऱ्होड्सने १६५१ मध्ये रोममध्ये त्या भाषेचा कोश छापला. हा ऱ्होड्स पूर्वेकडे जाताना आधी गोव्यात राहिला होता. त्याच काळात आमच्या सासष्टीत फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत, पण रोमन अक्षरांत, छापून झालं होतं, १६१६ साली. एकाच संघाची माणसं, समोर दोन अनोळखी भाषा, हातात एकच लिपी. आमच्याकडे रोमी कोंकणी अजून लिहितात, पण एका समाजापुरती. तिकडे अख्खा देश त्याच लिपीत वर्तमानपत्र वाचतो. होई आनमध्ये पाट्या वाचताना पोर्तुगीज 'एनएच' ही अक्षरजोडी दिसली की माझ्या आजोबांचं हस्ताक्षर आठवायचं.

निळी_छत्री

जपानी पुलाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! वीस हजार डोंगच्या नोटेवर आहे तो. जपानी व्यापाऱ्यांनी १५९३ च्या सुमाराला बांधला असं सांगतात. एका टोकाला माकडं, दुसऱ्या टोकाला कुत्रे, मध्ये छोटं देऊळ. जमिनीखाली एक अजस्र प्राणी झोपलेला आहे, तो हलला की भूकंप आणि पूर येतात. त्याची शेपटी जपानात, धड व्हिएतनाममध्ये, आणि डोकं भारतात. त्याच्या पाठीवर बरोबर खिळ्यासारखा हा पूल ठोकला. शेषाच्या फण्यावर पृथ्वी ऐकत वाढलेल्या आपल्याला डोकं भारतात का, हे विचारावंसं वाटतंच.

ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीनंतर पूल उघडला तेव्हा तो फार नवा दिसतो म्हणून तिकडे बरीच नाराजी झाली. मला मात्र जुनी लाकडं शक्य तिथे परत वापरलेली दिसली. रंग काय, चार पावसाळ्यांत उतरेल.

आणि जोडप्यांनी आन बांगच्या किनाऱ्याकडे सायकलने जाताना भातशेतातली एक कबर बघून यावी. तानी याजिरोबेई नावाचा जपानी व्यापारी, १६४७ साली वारलेला. जपानने आपल्या माणसांना परत बोलावलं, परदेशाशी येणंजाणं बंद केलं, तेव्हा हाही निघाला, आणि इथल्या वाग्दत्त वधूसाठी परत फिरला अशी गोष्ट आहे. कबरीचं तोंड जपानकडे आहे. आम्ही गेलो तेव्हा भात पोटरीत होतं, आणि बांधावर कुणीतरी दोन संत्री ठेवली होती.

पाठीवरचं_बिऱ्हाड

एक महत्त्वाचं राहिलं. स्कूटर भाड्याने सहज मिळते, परवाना कुणी विचारत नाही. पण आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा, आणि व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. म्हणजे आपला तिथे चालत नाही, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. होई आन सपाट आहे. सायकल पुरते.

वाशिष्ठीकाठी

धागा वर काढतेय. नोव्हेंबर २०२५.

ऑक्टोबरच्या शेवटी होई आनला पूर आला, बातम्यांत पाहिलं असेल. १९६४ शी तुलना व्हावी एवढं पाणी. जुन्या गावात होड्या चालत होत्या. तीन दिवस कोंच्या मुलीचा निरोप नव्हता, आणि त्या तीन दिवसांत मला २०२१ पुन्हा आठवला. चौथ्या दिवशी फोटो आला. फ्रीज छताच्या कड्यांना बांधलेला, गादी, शिलाई मशीन, देव्हारा वर. खाली चिखल, आणि को अनवाणी, हातात खराटा. सगळे सुखरूप आहेत. सायकली गेल्या.

@कडबोळी, डिसेंबरचं तुम्ही विचारलं होतं. महिनाभर आधी तिथल्या माणसांना विचारून मगच ठरवा. फेब्रुवारी ते एप्रिल चांगला. जाणार असाल तर छोट्या घरगुती ठिकाणी उतरा, या वर्षी त्यांना गरज आहे.

आमच्याकडचंही सांगते. गणपतीत सगळे चिपळूणला जमलो होतो. नवऱ्याने भिंतीवर खूण करायचा विषय काढला. सासरे आधी नको म्हणाले. घरात अशुभाची आठवण कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. कुणी वाद घातला नाही. दोन दिवसांनी तेच म्हणाले की रंगाच्या आतल्या लाकडावर डाग असणार. जिन्याच्या चौकटीवरचा तेलरंग खरवडून काढला, तर खरंच आत चिखलाची तांबूस रेघ होती, अगदी सरळ. प्रत्येकाने दाखवलेल्या उंचीपेक्षा वर. जमिनीपासून मोजली, नऊ फूट दोन इंच. थोडं खाली दुसरी एक फिकी रेघ निघाली. ती २६ जुलै २००५ ची असणार असं सासरे म्हणाले. तेव्हा आम्ही कुणीच ती पाहिली नव्हती, तेच एकटे होते घरात.

कौलारू

लाकडावरचा डाग मिळाला हे फार चांगलं झालं. त्यावर आता वॉर्निश मारू नका, रेघ दिसेनाशी होईल. खूण कशाने केली? रंगाने केली असेल तर पुढच्या रंगकामात जाईल.

वाशिष्ठीकाठी

पटाशीने. दोन्ही रेघा सासऱ्यांनी स्वतः कोरल्या, तारखांसकट. वरच्यासाठी शिडी मी धरली होती.